आर्क एकसारखा का दिसत नाही? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

हाय व्होल्टेजचे प्रयोग घरी करणाऱ्यांच्या बऱ्याच पत्रांत एकच काळजी दिसते: आर्क, म्हणजे दोन टोकांमधल्या हवेतून वाहणाऱ्या विजेचा उजळ पट्टा, सरळ नाही, सारखा नाही, म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं. बहुतेक वेळा काहीही चुकलेलं नसतं. एका पत्राला मात्र मला स्पष्ट नाही म्हणावं लागलं, ते शेवटी घेतलं आहे.

प्रश्न : जुन्या रंगीत टीव्हीच्या एलओटीला (पिक्चर ट्यूबसाठी हाय व्होल्टेज तयार करणारा ट्रान्सफॉर्मर) तो चालवणारं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, लावून दोन तारांमध्ये आर्क काढला. एका तारेच्या टोकाशी झगझगीत ठिपका येतो, तार लाल होते. दुसऱ्या टोकाशी जवळजवळ काहीच नाही. जोडणी चुकली का? (विद्यार्थी, सांगली)

जोडणी बरोबर आहे. या एलओटीच्या पोटातच डायोड असतात, ते वीज एकाच दिशेने जाऊ देतात, त्यामुळे जाड लाल वायरीतून डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) बाहेर येतो. डीसीमध्ये दोन टोकांची कामं वेगळी असतात. निगेटिव्ह तारेला धातूतून इलेक्ट्रॉन सुटे करून द्यायचे असतात, आणि धातू ते सहजासहजी सोडत नाही. त्यासाठी तारेला अगदी लगतच्या पातळ थरात सुमारे ३०० व्होल्ट खर्ची पडतात. तिथे धन आयन जोरात तारेवर आदळतात, म्हणून ती तापते. तुमचा झगझगीत ठिपका हाच.

खोली पूर्ण अंधारी करून नीट बघा. ठिपक्याच्या पुढे बारीकशी काळसर फट दिसेल आणि त्यानंतर गुलाबी-जांभळा पट्टा सुरू होईल. काही मिलिअँपिअरच्या प्रवाहाचा हा प्रकार काटेकोरपणे बोलायचं तर आर्क नव्हेच. निऑनच्या नळीत असतो तसाच हा ग्लो डिस्चार्ज आहे, फक्त उघड्या हवेतला. शब्दाचा हा आग्रह उगाच नाही, कारण जड प्रवाहाच्या खऱ्या कार्बन आर्कमध्ये गणित उलटं होतं. टूरिंग टॉकीजच्या प्रोजेक्टरमधल्या कार्बनच्या कांड्या आठवणारे वाचक अजून असतील. तिथे पॉझिटिव्ह कांडीच्या टोकाला खळगा पडायचा, बहुतेक उजेड त्या खळग्यातून यायचा आणि ती कांडी निगेटिव्हपेक्षा साधारण दुप्पट वेगाने झिजायची.

खात्री करायची असेल तर जोडणी उलट करा, ठिपका दुसऱ्या तारेवर जाईल. त्याआधी प्लग भिंतीतून काढा आणि लाल वायरीचं टोक, लांब इन्सुलेटेड दांड्याला बांधलेली अर्थची तार टेकवून, रिकामं करा. एकदा नव्हे, दोनदा.

प्रश्न : फट तेवढीच ठेवली तरी ठिणगी कधी पडते, कधी नाही. पडली तरी दर वेळी वेगळ्या वाकड्या वाटेने. पावसाळ्यात तर फारच कमी. (शिक्षिका, रत्नागिरी)

ठिणगीची सुरुवात एका भटक्या इलेक्ट्रॉनपासून होते. तो वैश्विक किरणांमुळे किंवा आसपासच्या नैसर्गिक किरणोत्सारामुळे सुटा झालेला असतो, आणि योग्य क्षणी योग्य जागी असेलच असं नाही. तो मिळाला की एकाचे दोन, दोनाचे चार असा लोंढा वाढतो. लोंढ्यात सुमारे दहा कोटी इलेक्ट्रॉन झाले की त्याचं स्वतःचं विद्युत क्षेत्र बाहेरच्या क्षेत्राच्या तोडीचं होतं. तिथून पुढे लोंढ्याचं टोक स्वतःच वाट काढत निघतं. पुढचे सुटे इलेक्ट्रॉन जिथे मिळतील तिकडे ते वळतं, कधी फाटे फोडतं. म्हणून वाट वाकडी आणि दर वेळी नवी. ठिणग्या भराभर पडत असतील तर मात्र आधीच्या ठिणगीने तापवलेल्या विरळ हवेतून पुढची जाते, आणि मग वाट टिकून राहते.

हवेत ठिणगी पडायला सेंटीमीटरला ३०,००० व्होल्ट लागतात असं सांगतात, पण हा आकडा मोठ्या गुळगुळीत गोळ्यांसाठी आहे. सुईसारख्या टोकांमध्ये त्याच्या निम्म्याहूनही कमी पुरतात. महाबळेश्वरला हवा विरळ, तिथे आणखी थोडे कमी.

पावसाळ्याचा दोष फटीतल्या हवेचा नाही. ओलसर हवा तर किंचित जास्त व्होल्टेज सोसते. खरा चोर आहे तुमचा लाकडी किंवा प्लास्टिकचा स्टँड. त्यावर खारट दमट थर बसतो आणि वीज तिथूनच गळते. स्टँड पुसून, वाळवून बघा.

प्रश्न : आर्क मध्येच पिवळा का होतो?

बोटांच्या घामातलं मीठ. सोडियमचा पिवळा प्रकाश इतका प्रखर असतो की कणभर मीठही नायट्रोजनचा जांभळा रंग झाकून टाकतं. हिरवी छटा आली तर ती तांब्याची. तारा बारीक पॉलिश पेपरने घासा आणि नंतर टोकांना हात लावू नका.

प्रश्न : निऑन साइनच्या ट्रान्सफॉर्मरवर चढता आर्क (वर फाकत जाणाऱ्या दोन तारांमधून वर सरकणारा) केला आहे. डोळ्यांना एक सलग आर्क दिसतो, फोटोत मात्र एकावर एक चार कमानी! (पुणे)

तुमचा कॅमेरा डोळ्यांपेक्षा खरं सांगतोय. ५० हर्ट्झच्या विजेत आर्क सेकंदाला १०० वेळा विझतो आणि पुन्हा पेटतो. शटर १/२५ सेकंद उघडं असेल तर चार पेटणं टिपली जातात, आणि गरम हवा तोवर प्रत्येक कमान थोडी वर नेते. हे आर्क बघताना साधा काचेचा आडपडदा ठेवा, अतिनील किरण बरेच अडतात. खिडक्या उघड्या ठेवा, कारण ओझोन साठतो.

प्रश्न : मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरने लाकडी फळीवर झाडासारखी नक्षी जाळायची आहे. कोणती काळजी घ्यावी?

करू नका. कितीही काळजी घेतलीत तरी नको. हा ट्रान्सफॉर्मर सुमारे २,००० व्होल्टला अर्धा अँपिअर सहज देतो. हृदय थांबायला या प्रवाहाचा पाचवा हिस्सा पुरे. शॉक ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या, घरच्या विजेपासून वेगळ्या असलेल्या वेटोळ्याच्या बाजूला बसतो, त्यामुळे घरातला ईएलसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) पडतच नाही. या छंदात अनेकांचे जीव गेले आहेत. अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स या लाकूडकाम करणाऱ्यांच्या संस्थेने आपल्या कार्यक्रमांत याची प्रात्यक्षिकंच बंद केली. ट्रान्सफॉर्मर भंगारात द्या.

नक्षीची ओढ मला समजते. ज्याच्या नावाने ती ओळखली जाते त्या जर्मन शास्त्रज्ञ लिक्टेनबर्गने १७७७ मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेनला ती स्थिर विजेने, राळेच्या तबकडीवरच्या धुळीत पाहिली होती. तुम्हीही ती तशीच करा. जाड प्लास्टिकची ताटली कोरड्या लोकरीने घासा. तिच्यावर प्लास्टिकची मूठ लावलेलं धातूचं झाकण ठेवा, झाकणाला क्षणभर बोट लावा, मग मुठीला धरून उचला. झाकणाची कड अॅक्रिलिकच्या कोरड्या पत्र्याला टेकवा आणि वरून टाल्कम पावडर हलकेच भुरभुरवा. डिसेंबर-जानेवारीतली कोरडी दुपार निवडा. झाकण इथे पॉझिटिव्ह असतं, म्हणून फांद्यांची चांदणी उमटेल. निगेटिव्ह टोकाची आकृती गोलसर येते. सांगलीच्या विद्यार्थ्याला दोन तारांच्या टोकांत दिसलेला पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा फरक इथे पावडरमध्ये दिसतो.