चौकातल्या कॅमेऱ्याचा दंड अन् ग्रामपंचायतीचं बजेट

भाऊ, तुमचा प्रश्न असा आहे: गावाजवळच्या चौफुलीवर सिग्नल अन् कॅमेरा बसणार, दंडाचे वर्षाला तीन लाख येतील असं धरून सरपंचांनी नमुना १ मध्ये, म्हणजे ग्रामपंचायतीच्या बजेटच्या तक्त्यात, जमेच्या बाजूला रक्कम लिहायला सांगितली. तुमचा अमेरिकेतला भाचा म्हणतो की तिकडे सरकारनं अशा दंडावर मर्यादा आणली अन् गावं अडचणीत आली. तसं आपल्याकडे झालं तर काय?

मी एकतीस वर्षं वर्धा जिल्ह्यात नगरपरिषदेच्या लेखा शाखेत होतो. सरळ सांगतो, ते तीन लाख खोडा. वाहतुकीच्या दंडाचा पैसा मोटार वाहन कायद्याखाली राज्याच्या तिजोरीत जातो, ग्रामपंचायतीकडं येत नाही, नगरपरिषदेकडंही नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून केंद्राचे वाढीव दंड लागू झाले, त्याच महिन्यात गुजरातनं आपल्या राज्यात ते कमी केले, महाराष्ट्रानं नवे दर डिसेंबर २०२१ मध्ये आणले. या सगळ्या उलथापालथीत आमच्या नगरपरिषदेच्या जमेत एका रुपयाचाही फरक पडला नाही. दंडावर उद्या मर्यादा आली तर फटका मुंबईच्या तिजोरीला बसेल, तुमच्या घरपट्टी-पाणीपट्टीला नाही.

आणखी एक. चलान फाडलं म्हणजे पैसा आला असं नाही. मागणी वेगळी, वसुली वेगळी, हे घरपट्टी गोळा करणाऱ्याला सांगायला नको. ई-चलानं वर्षानुवर्षं थकतात अन् मग लोकअदालतीत कमी रकमेवर मिटतात.

आता भाच्याचं म्हणणं. ते खरं आहे, कारण तिकडे दंडाचा मोठा वाटा खुद्द गावाला मिळतो. फ्लोरिडा राज्यात २०१० च्या कायद्यानं लाल दिवा तोडल्याचा कॅमेऱ्याचा दंड १५८ डॉलर ठरला. त्यातले ८३ राज्याला, ७५ गावाला किंवा शहराला. पण कॅमेरा गावाचा नसतो, कंपनीचा असतो, अन् कंपनी दर कॅमेऱ्यामागे महिन्याचं ठरलेलं भाडं घेते. खरी गोम इथेच आहे, म्हणून हिशेब मांडतो. भाडं ४,००० डॉलर धरा, आकडा समजण्यापुरता आहे. महिन्याला १०० दंड वसूल झाले तर गावाचे ७,५००, भाडं जाऊन उरले ३,५००. आता मर्यादा आली अन् गावाचा वाटा ७५ वरून ५० झाला. जमा ५,०००, भाडं तेच, उरले १,०००. वाटा एक तृतीयांशानं घटला, पण हातात उरणारा पैसा सत्तर टक्क्यांहून जास्त घटला. अन् वसुली ८० दंडांवर आली की उरतं शून्य.

शहरं आकडा पाहून घाबरतात ती याच्यामुळं. टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात नोव्हेंबर २०१० मध्ये मतदारांनी कॅमेरे बंद करा असा कौल दिला, पण कंपनीशी करार बाकी होता. शेवटी शहराला ४८ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. टेक्सास राज्यानं २०१९ मध्ये लाल दिव्याच्या कॅमेऱ्यांवर बंदी घातली, तेव्हा चालू करार संपेपर्यंत काही शहरांना सूट ठेवली, ती याच अनुभवामुळं असावी असं मला वाटतं.

ओहायो राज्याची गोष्ट तर आपल्या अनुदानाच्या भाषेत लगेच समजते. तिथं २०१९ च्या कायद्यानं ठरवलं की गावानं कॅमेऱ्यातून जेवढा दंड जमा केला, तेवढी रक्कम राज्य त्या गावाच्या अनुदानातून कापणार. न्यूबर्ग हाइट्स नावाचं जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव वेगाच्या कॅमेऱ्यांवर बराच खर्च चालवायचं, ते कोर्टात गेलं. २०२२ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयानं राज्याच्या बाजूनं निकाल दिला. म्हणजे बंदी न घालताच दंडाची कमाई निरर्थक केली. आपल्या वित्त आयोगाच्या निधीतून कोणी असं कापायला लागलं तर काय होईल, विचार करा. मोठं शहर सावरतं. दोन हजारांच्या गावात मात्र एका माणसाचा पगार थांबतो.

मला हे इतकं का लागतं ते सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला आमच्याकडं कोंडवाड्याचं उत्पन्न बरं होतं. मोकाट जनावरं कपाशीत, तुरीत शिरायची, लोक आणून कोंडायचे, मालक दंड भरून सोडवायचे. त्या पैशावर कोंडवाड्याचा राखणदार ठेवला. पुढं ट्रॅक्टर आले, बैल विकले गेले, उरलेली जनावरं लोक बांधून ठेवू लागले. पीक वाचलं, म्हणजे कोंडवाड्याचं काम फत्ते झालं. पण बजेटात दरवर्षी मागच्या वर्षाचा आकडा उतरवत राहिलो, त्यात मीही होतो. राखणदाराचा पगार दिवाबत्तीच्या पैशातून गेला अन् दोन वर्षं एका वस्तीत दिवे लागले नाहीत. तो माणूस गरीब होता, त्याची चूक काहीच नव्हती.

दंड हा घटण्यासाठीच असतो. लोक सिग्नलवर थांबायला लागले की कॅमेऱ्याचा पैसा आटणारच, सरकारनं मर्यादा आणो की न आणो. म्हणून कुठल्याही दंडाचा पैसा, प्लास्टिकचा असो की कोंडवाड्याचा, पगाराला अन् वीजबिलाला लावू नका. आला तर एकदाच होणाऱ्या कामाला लावा.

तुमच्या चौफुलीचं दुःख खरं आहे, ते पैशाच्या बाजूनं मांडू नका. कॅमेरे कुठं बसवायचे याच्या केंद्राच्या २०२१ च्या नियमांत १३२ शहरांची यादी आहे, विदर्भातली नागपूर, अमरावती, अकोला, चंद्रपूर त्यात आहेत. त्याशिवाय राष्ट्रीय अन् राज्य महामार्गांचे धोक्याचे टप्पेही नियमात येतात. तुमची चौफुली त्यात बसवायची तर अपघात मोजून दाखवा. साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू झाले असतील तर तो अपघातप्रवण ठिकाण धरला जातो. पोलीस ठाण्यातून अपघाताच्या गुन्ह्यांच्या तारखा घ्या, ग्रामसभेत ठराव करा अन् जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडं पाठवा. मागणीत आधी रंबलर (वेग कमी करायला रस्त्यावरच्या उंच पट्ट्या), ब्लिंकर (लुकलुकणारा इशारा-दिवा) अन् चौफुलीवरचा दिवा लिहा, कॅमेरा त्यानंतर.

ठरावाचा मसुदा झाला की इथंच टाका. अपघाताच्या तारखा अन् ठिकाणं नीट बसली का ते मी पाहून देतो. बजेट मंजुरीला जायच्या आत ते तीन लाख मात्र काढा.