ओव्हरक्लॉकिंग : वेगाआधी व्होल्टेज पाहा

प्रश्न : माझ्याकडे रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, त्याच्या खोक्यातच मिळालेला कूलर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे. सर्व कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणना करणारे भाग) १.४ व्होल्टवर ४.६ गिगाहर्ट्झला कायम ठेवावेत, असा सल्ला मला मिळाला आहे. उन्हाळ्यात हे सुरक्षित आहे का? ग्राफिक्स कार्डाचाही वेग वाढवता येईल का?
– एक वाचक, अकोला

उत्तर : कृपया हा सल्ला मानू नका. ओव्हरक्लॉकिंगमध्ये, म्हणजे चिप ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवताना, प्रोसेसरला खरा धोका वाढीव वेगापेक्षा वाढीव व्होल्टेजचा आणि त्यातून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा असतो. विजेचा वापर वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे वेग ५ टक्के आणि त्यासाठी व्होल्टेज १० टक्के वाढवले, तर वापर सुमारे २७ टक्क्यांनी वाढतो. या प्रोसेसरची तापमानमर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे, आणि खोलीचे तापमान २५ वरून ४० अंशांवर गेले की चिपचे तापमानही जवळपास तेवढेच चढते. त्या छोट्या कूलरला हे पेलणार नाही.

शिवाय हा प्रोसेसर एक-दोन कोअरवर काम असताना आपणहून ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत जातोच. म्हणून प्रथम चांगला टॉवर कूलर (उभ्या धातूच्या पट्ट्यांचा मोठा कूलर) बसवा, आणि मदरबोर्डवर सोय असल्यास बायोसमधील (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या प्रणालीतील) ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ या व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या सोयीत सर्व कोअरना उणे १० द्या. त्यामुळे त्याच वेगाला कमी व्होल्टेज लागते, आणि वाचलेल्या उष्णतेतून प्रोसेसर स्वतःच थोडा अधिक वेग काढतो. आमच्या मते घरगुती वापरासाठी हाच मार्ग योग्य आहे. मात्र या बदलामुळे येणारी अस्थिरता अनेकदा पूर्ण भाराखाली दिसत नाही. संगणक नुसता पडून असताना अचानक रीस्टार्ट होतो. त्यामुळे सिनेबेंच ही पूर्ण भाराची चाचणी सुरळीत चालली एवढ्यावर समाधान न मानता कोअरसायकलर या चाचणी-प्रोग्रामने एकेक कोअर तपासा, आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) ‘डब्ल्यूएचईए’च्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी दिसल्या तर उणे आकडा शून्याच्या जवळ आणा.

ग्राफिक्स कार्डासाठी एमएसआय आफ्टरबर्नर हा वेग बदलण्याचा प्रोग्राम पुरेसा आहे. व्होल्टेजला हात न लावता कोअरचा वेग १५ ते २५ मेगाहर्ट्झच्या टप्प्यांनी वाढवा आणि प्रत्येक टप्प्यानंतर नेहमीचा जड गेम बराच वेळ चालवून पाहा. पडद्यावर ठिपके किंवा रंगीत पट्टे दिसले, अथवा ड्रायव्हर बंद पडला, तर दोन टप्पे मागे या. मेमरीचा वेग वेगळा तपासा. एकाच वेळी दोन्ही वाढवल्यास दोष कशाचा हे कळत नाही. तापमान ८० अंशांच्या आत ठेवा. ‘विंडोजसोबत सेटिंग लागू करा’ हा पर्याय खात्री होईपर्यंत बंदच असू द्या.

मर्यादेबाहेर चालवल्याने झालेले नुकसान रायझन बनवणाऱ्या एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही, हे ध्यानात ठेवा. चाचण्यांपूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढा. बदलानंतर संगणक सुरूच झाला नाही, तर वीजपुरवठा तोडून मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे सीमॉस (बायोसच्या सेटिंग साठवणारी स्मृती) क्लिअर करा. बायोसच्या सर्व सेटिंग मूळ स्थितीत येतील.