जुन्या विमानाचं इंजिन बिघडलं. पैसे मागायचे कोणाकडे?

प्रश्न: माझा जालन्यात बियाण्यांचा व्यवसाय आहे आणि माझ्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना आहे. चौदा महिन्यांपूर्वी मी, माझे मेहुणे आणि एक मित्र अशा तिघांनी मिळून एक जुनं सेसना १७२ विमान ५४ लाखांना घेतलं. प्रत्येकी १८ लाख घातले. करारावर आणि नोंदणीवर तिघांचीही नावं आहेत. विकणारे गृहस्थ समुद्रकाठच्या गावी राहतात. त्यांनी व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, "इंजिनचे ११०० तास झालेत, अजून ९०० आरामात निघतील. विमान दर आठवड्याला उडतं." आम्ही ४८ तास उडवलं. गेल्या महिन्यात वार्षिक तपासणीत ऑइल फिल्टरमध्ये धातूचा कीस निघाला. वर्कशॉपने इंजिन उतरवून उघडलं. कॅमशाफ्ट (इंजिनच्या झडपा उघडणारा दांडा) झिजलेला, टॅपेटवर (त्या दांड्याने ढकलल्या जाणाऱ्या भागांवर) खड्डे, दोन सिलिंडरच्या आत गंज. आधी तोंडी सहा लाख सांगितले होते. आता पूर्ण ओव्हरहॉलचा, म्हणजे इंजिन खोलून नव्यासारखं करण्याचा, अंदाज २३ लाखांचा आहे आणि आतापर्यंतचं बिल साडेनऊ लाखांचं. ते भरल्याशिवाय इंजिन देणार नाही म्हणतात. विमा कंपनीने हात वर केले. मित्र म्हणतो, मी एक रुपया देणार नाही, विमान विकून टाका. काय करावं?
– एक वाचक, जालना

उत्तर: सगळ्यात आधी वर्कशॉपला आजच लेखी कळवा की तुमच्या लेखी परवानगीशिवाय इंजिन जोडायचं नाही आणि काढलेला एकही भाग भंगारात टाकायचा नाही. हे काम विक्रेत्याला नोटीस पाठवण्याच्याही आधीचं आहे. झिजलेला कॅमशाफ्ट, खड्डे पडलेले टॅपेट, गंजलेले सिलिंडर आणि फिल्टरमधला तो कीस, हाच तुमचा दावा आहे. इंजिन नवं होऊन बाहेर आलं की जुनं काय होतं हे सांगायला फक्त तुमचं तोंड उरेल, आणि कोर्टात तेवढं पुरत नाही. प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधून घ्या, तारखेसह फोटो काढा. काय आढळलं ते जॉब कार्डवर लिहून परवानाधारक एएमईची (विमान देखभाल अभियंत्याची) सही आणि परवाना क्रमांक घ्या. शक्य असेल तर वर्कशॉपशी संबंध नसलेल्या दुसऱ्या एएमईला भाग दाखवून स्वतंत्र अहवाल करा. त्याला एकच प्रश्न विचारा: हा गंज आणि ही झीज चौदा महिन्यांतली आहे की त्याआधीची?

या प्रश्नाच्या उत्तरावर विक्रेत्याविरुद्धचं प्रकरण उभं राहील किंवा पडेल. तुमच्या विमानाला लायकॉमिंगचं ओ-३२० इंजिन आहे. त्यात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. विमान महिनोन्‌महिने उभं राहिलं की तेल ओघळून खाली जातं, कॅम कोरडा पडतो आणि दमट हवेत त्यावर गंज धरतो. पुढे इंजिन चालू झालं की गंजलेला पृष्ठभाग टॅपेट खरवडतो आणि त्याचा कीस तेलात उतरतो. हंगामभर बंद ठेवलेल्या विहिरीच्या मोटारीचं जे होतं, तेच इथे होतं. विक्रेते म्हणतील, "माझ्याकडे चांगलं होतं, यांनीच चौदा महिन्यांत बिघडवलं." तुम्ही पाठवलेल्या लॉगबुकच्या प्रती मी पाहिल्या. विक्रीच्या आधीच्या सव्वीस महिन्यांत विमान फक्त नऊ तास उडालं आहे आणि ते समुद्राच्या खाऱ्या हवेत उभं होतं. तुमच्याकडे आल्यावर ते जवळपास दर महिन्याला उडालं. मात्र मराठवाड्याची हवा कोरडी आहे एवढ्यावर विसंबू नका. पावसाळ्याचे चार महिने इथेही दमट असतात आणि समोरचे वकील ते दाखवून देतीलच. तज्ज्ञाचा अहवाल म्हणूनच हवा.

आता कायद्याचं बोलू. मालविक्री कायदा १९३० च्या कलम १६ मध्ये माल विक्रीयोग्य दर्जाचा असण्याची जी गर्भित अट आहे, ती तशा मालाचा व्यापार करणाऱ्याला लागते. स्वतःचं एकच विमान विकणाऱ्या खासगी गृहस्थाला ती सहसा लागू होत नाही; तिथे घेणाऱ्यानेच डोळे उघडे ठेवायचे असतात. शिवाय तुमच्या करारात "आहे तसं, आहे तिथं" हे कलमही आहे. त्यामुळे "माल खराब निघाला" एवढाच मुद्दा घेऊन गेलात तर हराल.

तुमची वाट करार कायदा १८७२ च्या कलम १७ मधून जाते. जी गोष्ट खरी नाही आणि खरी आहे असं स्वतःलाही वाटत नाही, ती फसवण्यासाठी खरी म्हणून सांगणं ही त्या कलमानुसार फसवणूक आहे. "आहे तसं" हे कलम स्वतःच्या फसवणुकीवर पांघरूण घालू शकत नाही. विक्रेत्याच्या दोन वाक्यांतला फरक नीट बघा. "अजून ९०० तास आरामात निघतील" हे मत आहे, भविष्याचा अंदाज आहे. त्यावर दावा उभा राहणं अवघड. "विमान दर आठवड्याला उडतं" ही मात्र वस्तुस्थिती म्हणून सांगितलेली गोष्ट आहे आणि त्यांच्याच लॉगबुकमधले नऊ तास तिला खोटं पाडतात. नोटीस आणि दावा या एका वाक्याभोवती बांधा.

इथे एक धोका आहे. लॉगबुक विक्रीच्या वेळी तुमच्या हातात होती. कलम १९ चा अपवाद सांगतो की चुकीची माहिती दिली गेली किंवा फसवं मौन पाळलं गेलं, पण साधी काळजी घेऊन तुम्हाला सत्य शोधता आलं असतं, तर करार रद्द करता येत नाही. तुम्ही खरेदीआधी एएमईकडून तपासणी करून घेतली नाही, मित्राने नजर टाकली आणि पैसे दिले. ५४ लाखांच्या वस्तूसाठी हे मला पटत नाही, आणि न्यायाधीशांनाही पटणार नाही. मात्र हा अपवाद मौनापुरता आणि चुकीच्या माहितीपुरता आहे. जाणूनबुजून सांगितलेल्या खोट्याला तो लागत नाही. म्हणून दाव्यात "त्यांनी सांगितलं नाही" असं लिहू नका, "त्यांनी खोटं सांगितलं" असं लिहा. या दोन शब्दरचनांनी प्रकरणाचा निकाल बदलू शकतो.

ते व्हॉट्सॲप संदेश जपा. फक्त स्क्रीनशॉट चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. मूळ फोन विकू नका आणि फॉरमॅट करू नका.

करार रद्द करून ५४ लाख परत मागायचे की विमान ठेवून भरपाई मागायची? दोन्ही एकदम होत नाही, आणि एकदा दुरुस्ती केलीत की पहिला पर्याय जवळपास संपतो. चौदा महिने आणि ४८ तास उडवल्यावर रद्द करणं तसंही कठीण आहे. मी भरपाईचाच रस्ता घेईन.

मात्र २३ लाखांची आशा धरू नका. या इंजिनासाठी लायकॉमिंगची शिफारस २००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी येईल तेव्हा ओव्हरहॉल, अशी आहे. लॉगबुकनुसार शेवटचं ओव्हरहॉल खरेदीच्या नऊ वर्षं आधीचं आहे. म्हणजे तासांनी बघितलं तर इंजिनचं ४५ टक्के आयुष्य शिल्लक होतं, वर्षांनी बघितलं तर फक्त पाव. तुम्हाला पुढे कधीतरी हा खर्च करायचाच होता. नवं इंजिन विक्रेत्याच्या पैशाने मिळावं असं कोर्ट म्हणणार नाही. २३ लाखांच्या पाव भागाचे पावणेसहा लाख होतात, ४५ टक्क्यांचे दहा लाख पस्तीस हजार. फसवणुकीच्या दाव्यात खरेदीच्या दिवशीची खरी किंमत आणि तुम्ही दिलेली किंमत यांतला फरक मागता येतो; त्यासाठी मूल्यांकनकाराचा लेखी अहवाल घ्या. प्रामाणिकपणे सांगायचं तर सहा ते दहा लाखांच्या मध्ये तडजोड झाली तर ती घ्यावी. दावा लांबला तर विमान तेवढी वर्षं उभं राहील आणि उभ्या विमानाचं काय होतं ते तुम्ही बघितलंच आहे.

तडजोड झाली नाही तर दावा जालन्याच्या दिवाणी न्यायालयात, वरिष्ठ स्तर, इथे लावता येईल, कारण संदेश तुम्हाला तिथे मिळाले आणि पैसे तिथल्या बँकेतून गेले. मात्र करारात दुसऱ्या शहराच्या न्यायालयाचं कलम आहे का ते आधी तपासा. मुदत तीन वर्षांची. फसवणूक कळल्यापासून ती मोजता येते, पण लॉगबुक पहिल्या दिवसापासून तुमच्याकडे होती, म्हणून सुरक्षित राहायचं तर खरेदीच्या तारखेपासून मोजा. भाग नष्ट होण्याची भीती असेल तर दाव्यासोबतच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ नियम ७ खाली ते जपण्याचा आणि तपासण्याचा अर्ज करा. पोलिसांत जाण्याचा मोह होईल. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ आहे खरं, पण जुन्या मालाच्या सौद्यात पोलीस बहुतेक वेळा "दिवाणी वाद आहे" म्हणून परत पाठवतात. त्यात तुमची शक्ती घालवू नका.

वर्कशॉपचं. करार कायद्याच्या कलम १७० नुसार, सोपवलेल्या वस्तूवर ज्याने कौशल्याचं काम केलं त्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू रोखून ठेवता येते. त्यामुळे "इंजिन अडवलंच कसं" असं भांडू नका. तो हक्क त्यांना आहे. पण तो फक्त सांगितलेल्या आणि प्रत्यक्ष केलेल्या कामापुरता आहे. तुमच्या बिलात तीन लाख दहा हजार इंजिन उतरवणं, उघडणं आणि तपासणीचे आहेत. उरलेले सहा लाख चाळीस हजार मागवलेल्या, अजून न बसवलेल्या सिलिंडरचे. पहिली रक्कम भरा आणि पावतीवर "हरकत कायम ठेवून" असं लिहा. सिलिंडरच्या पैशासाठी इंजिन अडवण्याचा आधार कमकुवत आहे. मात्र तुम्ही त्यांना "बघा, जे लागेल ते करा" असा निरोप पाठवला आहे. तो ते दाखवतील, आणि त्यामुळे सिलिंडरच्या रकमेत काही तरी सोडावं लागेल. यापुढे प्रत्येक वाढीव खर्चाला आकडा लिहून परवानगी द्या.

तरीही इंजिन दिलं नाही तर जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे तुम्ही राहता तिथेच ती करता येते. मोबदला पन्नास लाखांच्या आत असल्याने जिल्हा आयोग पुरेसा आहे. मुदत दोन वर्षं, आणि कलम ३८(८) खाली अंतरिम आदेश मागता येतो. पण त्याआधी तुमच्या सीएंशी बोला. विमानाचा घसारा तुम्ही बियाण्यांच्या धंद्याच्या हिशेबात दाखवला असेल, तर वर्कशॉप पहिलाच आक्षेप घेईल की हा व्यापारी वापर आहे, तुम्ही ग्राहकच नाही. विक्रेत्याविरुद्ध मात्र ग्राहक आयोगात जाऊ नका. ते व्यापारी नाहीत.

विम्याबद्दल थोडक्यात. विमानाच्या पॉलिसीत साधारणपणे झीज, हळूहळू होणारी खराबी आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. नकार बहुधा टिकेल. विमान उभं असेपर्यंत फक्त जमिनीवरच्या धोक्यांचं संरक्षण घेऊन हप्ता कमी होतो का, ते विचारा. खर्च निघावा म्हणून हौशी लोकांना पैसे घेऊन चक्कर मारावी का, असंही तुम्ही विचारलं आहे. कृपा करून नको. खासगी परवान्यावर मोबदला घेऊन उडवता येत नाही आणि परवानगीशिवाय खासगी विमानातून भाड्याने प्रवासी नेता येत नाहीत. अशा उड्डाणात काही झालं तर विमा कंपनी हात झटकेल, कारवाई तुमच्या परवान्यावर होईल आणि त्या प्रवाशाच्या घरच्यांना उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

राहिला मित्र. कोर्टकचेरीपेक्षा मला याचीच जास्त काळजी वाटते, कारण मैत्री आणि नातं दोन्ही यात अडकलं आहे. खर्चाबाबत तिघांत लेखी काहीच नाही. करार कायद्याचं कलम ७० म्हणतं की एखाद्याने फुकट करायच्या हेतूने न केलेल्या, कायदेशीर कामाचा लाभ दुसऱ्याने घेतला, तर त्याने भरपाई द्यावी. तपासणीच्या तीन लाख दहा हजारांचा एक तृतीयांश तुम्ही त्यांच्याकडून मागू शकता. विमान उडण्याजोगं ठेवणं तिघांच्याही हिताचं होतं आणि तेही ते उडवत होते. पण पुढच्या ओव्हरहॉलला ते आधीच "नको" म्हणाले आहेत. नकार देणाऱ्यावर तुम्ही खर्च करून लाभ लादलात तर कलम ७० तुमच्या कामी येणार नाही. म्हणून खर्चाआधी त्यांना लेखी दोन पर्याय द्या: हिस्सा भरा, किंवा आजच्या अवस्थेत, बिघडलेल्या इंजिनासह मूल्यांकन करून तुमचा भाग आम्ही विकत घेतो. तिसरा मार्ग वाटणीच्या दाव्याचा. विमान कापून वाटता येत नाही, म्हणून शेवटी ते विकूनच पैसे वाटले जातील आणि ती किंमत तिघांनाही रडवेल. हे त्यांना समोर बसवून सांगा. मेहुण्यांनाही बोलवा.

मित्र राहोत की जावोत, नवा लेखी करार कराच. त्यात इंजिन निधी ठेवा. २३ लाख भागिले २००० तास केले तर तासाला साडेअकराशे रुपये येतात, पण या आकड्यावर जाऊ नका. तुमच्या सध्याच्या गतीने बारा वर्षांत पाचशे तासही होणार नाहीत, म्हणजे तासाला साडेचार हजारांच्या वर पडतात. तिघे असाल तर दर वर्षी प्रत्येकी ६४ हजार, विमान उडो वा न उडो, वेगळ्या खात्यात जमा करा. एखादा हिस्सेदार मोठ्या खर्चाला नाही म्हणाला, तर किती दिवसांत, कोणत्या मूल्यांकनकाराच्या किमतीने इतरांनी त्याचा हिस्सा घ्यायचा आणि तोपर्यंत विमान कोणी उडवायचं, हेही त्यात लिहा.