फिश टँकमधील वनस्पतींची मांडणी

प्रश्न : गोड्या पाण्याच्या फिश टँकमध्ये मी जावा फर्न आणि अनुबियास वाळूत लावले; परंतु महिन्याभरातच त्यांची खोडे कुजू लागली. मांडणीत काय चुकले?

उत्तर : या दोन्ही वनस्पतींचे आल्यासारखे आडवे वाढणारे जाड खोड वाळूत पुरले गेल्यास कुजते, म्हणून ते सुती दोऱ्याने लाकडावर किंवा दगडावर बांधावे, म्हणजे काही आठवड्यांत मुळे स्वतःच पकड घेतात. कुजलेला भाग आधी कापून टाकावा. लाकूड टाकीच्या ऐन मध्यभागी ठेवण्याचा मोह बहुतेकांना होतो, पण ते एका बाजूस, साधारण एक तृतीयांश अंतरावर ठेवल्यास दृश्य अधिक नैसर्गिक वाटते. व्हॅलिस्नेरियासारख्या उंच वनस्पती मात्र मागील बाजूस, वाळूतच रुजवाव्यात. शोभेसाठी शिंपले किंवा चुनखडीचे दगड शक्यतो टाळावेत. त्यांच्यामुळे पाण्याचा कठीणपणा वाढतो.