मीटिंगमध्ये मुद्दा सुचतो, इंग्रजी सुचत नाही

प्रश्न : मी एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. दर शुक्रवारी इंग्रजीतून ब्रेनस्टॉर्मिंग, म्हणजे सगळ्यांनी मिळून कल्पना सुचवणं, असतं. माझं वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. आम्ही चौघे मिळून सराव करायला तयार आहोत. कसा करावा?
– एक वाचक, चाकण

उत्तर : मुद्दा शोधणं आणि त्याचं इंग्रजी जुळवणं ही दोन कामं तुम्ही एकाच दमात करताय. सरावात ती वेगळी करा. आठवड्यातून एकदा 20 मिनिटं पुरेत. विषय रोजच्या कामातला घ्या. समजा, पावसाळ्यात पाठवलेल्या मालाची खोकी ओली होतात.

पहिली 5 मिनिटं कुणी बोलायचं नाही. प्रत्येकाने कागदावर 3 उपाय लिहायचे, दोन-तीन शब्दांत. मराठीत सुचले तर मराठीतच लिहा. बर्न्ड रोहरबाख यांनी 1968 मध्ये जर्मनीत मांडलेली 6-3-5 पद्धत याच चालीची : 6 जण, 3 कल्पना, 5 मिनिटं, मग कागद शेजाऱ्याकडे. अर्ध्या तासात 108 कल्पना होतात. (त्यातल्या बऱ्याच एकसारख्या निघतात, ते सोडा.)

पुढची 10 मिनिटं बोलायची. एका पाळीला एकच वाक्य, आणि साचे दोनच. 'वी कुड'पुढे क्रियापद मूळ रूपात : 'वी कुड यूज अ प्लास्टिक लायनर.' (लायनर म्हणजे खोक्याच्या आतलं अस्तर.) 'हाउ अबाउट'पुढे आयएनजी लावून : 'हाउ अबाउट यूजिंग अ प्लास्टिक लायनर?' खरी गोची होते ती आपल्या 'पाहिजे'मुळे. 'लायनर वापरायला पाहिजे' ही मराठीत साधी सूचना. तिचं 'यू मस्ट यूज' केलं की इंग्रजीत हुकूम होतो आणि समोरचा उगाच सफाई देऊ लागतो. 'डिस्कस अबाउट' हे आणखी एक जुनं दुखणं. त्यातलं 'अबाउट' काढून टाका.

दुसऱ्याच्या मुद्द्यावर लगेच 'बट' नको. ब्रेनस्टॉर्मिंग रूढ करणारे अमेरिकन जाहिरातकार ॲलेक्स ऑस्बॉर्न यांचा नियमच होता : टीका मागाहून, आधी कल्पनांची संख्या वाढवा, दुसऱ्याच्या कल्पनेत भर घाला. भर घालायला 'अँड वी कुड ऑल्सो…' म्हणा.

शेवटची 5 मिनिटं चुकांसाठी. एकाने त्या टिपून ठेवायच्या आणि प्रत्येकाला दोनच सांगायच्या. बोलताना मध्येच टोकलं, की पुढच्या पाळीला माणूस 'पास' म्हणून मोकळा होतो.

प्रश्न : ऑनलाइन मीटिंगमध्ये बोलायला फटच मिळत नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पूर्ण वाक्य तयार व्हायची वाट पाहू नका. आधी 'कॅन आय ॲड समथिंग हिअर?' एवढंच म्हणा. सगळे थांबतात, तेवढ्यात पुढचं जुळतं. हे एक वाक्य मात्र घोकून पाठ करा. तरीही कुणी थांबलं नाही, तर मुद्दा चॅटमध्ये टाका.