पेशव्यांच्या दरबाराचं डॅनियलने काढलेलं चित्र कितपत खरं मानायचं?

चेहऱ्यांपुरतं बरंच खरं माना, प्रसंगापुरतं जपून.

चित्र शनिवारवाड्यातल्या गणपती रंगमहालाचं. टिपूविरुद्धचा तह झालाय आणि इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, मॅलेट पेशवे सवाई माधवरावांसमोर आलाय. साल १७९०. थॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकाराने हे चित्र पूर्ण केलं १८०५ला, लंडनमध्ये. त्या दिवशी तो पुण्यात नव्हताच.

त्याच्या हाताशी होती जेम्स वेल्सची रेखाटनं, आणि माझा जीव खरा अडकलाय तो त्यांच्यात. वेल्स स्कॉटिश चित्रकार. मुंबईत आला १७९१ला, पुण्यात १७९२ला, म्हणजे १७९०चा तो दरबार त्यानेही पाहिला नाही. मॅलेटच्या सांगण्यावरून त्याने माणसं मात्र समोर बसवून काढली: पेशवे, नाना फडणवीस, दरबारातले आणखी कितीतरी. त्यामुळे तहाच्या वेळी सोळा वर्षांचे असलेले माधवराव वेल्ससमोर बसले तेव्हा अठराच्या आसपास होते.

चित्र पुरं करणं वेल्सच्या नशिबी नव्हतं. १७९५च्या ऑक्टोबरमध्ये माधवराव गेले, नोव्हेंबरमध्ये वेल्स. पुढे मॅलेटने वेल्सच्याच मुलीशी लग्न केलं आणि काम डॅनियलकडे गेलं. मूळ चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. वेल्सची बरीच रेखाटनं अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. ती संकेतस्थळावर मोठी करून जरूर बघा.

महालाचं म्हणाल तर पडताळून पाहायला तो उरलेलाच नाही. १८२८च्या आगीत वाडा जळाला, आज तटाच्या आत नुसती जोती आहेत. पेशवाई थाटाचे सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब बघायचे तर विश्रामबागवाड्यात जा. मी तिथे वही घेऊन एकच खांब काढायला बसलो होतो. खाली फुगीर, वर निमुळता होत जाणारा, अंगभर कोरीव पानं. दुपार गेली तरी खालचा फुगवटा काही साधला नाही. मग माणसांनी भरलेला अख्खा महाल कागदावर उभा करायचा म्हणजे काय काम असेल, ते कळलं.

आणखी एक नाव मला इथे घ्यायलाच हवं: गंगाराम तांबट. पुण्याचा हा चित्रकार मॅलेट आणि वेल्स दोघांसाठी काम करायचा. त्याने काढलेली लेण्यांची चित्रंही येललाच आहेत. वेल्सची रेखाटनं उघडाल तेव्हा तीही उघडा.