नवीन ग्रिडलवर चार वेळा तेल जाळलं, तरी अंडी चिकटतात आणि गंज धरतो. काय चुकतंय?

तुमच्या प्रश्नातली एक ओळ वाचली आणि घोळ कुठे आहे ते लक्षात आलं. चौथा थर दिल्यावरही थंड तव्यावर हात फिरवला की बोटं चिकटतात, असं तुम्ही लिहिलंय. चांगला बसलेला थर हाताला कोरडा लागतो. तुमच्या तव्यावर आहे ते अर्धवट जळलेलं तेल. बाहेर वापरायच्या सपाट ग्रिडलवर, म्हणजे गॅसच्या बर्नरांवर बसवलेल्या मोठ्या पोलादी तव्यावर, मी सात वर्षं रांधतोय आणि माझ्या पहिल्या तव्याचं अगदी हेच झालं होतं. जास्त तेल घातलं की थर जास्त पक्का होईल, अशी माझी समजूत होती. महिनाभरात त्याचे काळे पपुद्रे जेवणात यायला लागले आणि सगळा तवा खरवडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

तव्यावर तेलाचं काय होतं ते आधी बघू. पातळ पसरलेलं तेल २०० अंश सेल्सिअसच्या वर तापत राहिलं की हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि पोलादाला धरून बसणारी कडक कातडी तयार होते. याला पॉलिमरायझेशन म्हणतात. तैलरंग वाळतात तेही असेच, फक्त तिथे आच नसल्यामुळे दिवसच्या दिवस लागतात. आता हवा लागते ती वरून. तेल जाड असेल तर वर साय धरते आणि खाली चिकटच राहतं.

म्हणून तेल लावल्यावर खरं काम पुसण्याचं आहे. साधारण ९० सेंटीमीटर लांबीच्या तव्याला एक मोठा चमचा तेल पुरतं. सुती फडक्याने ते कडांपर्यंत, कोपऱ्यांत, पुढच्या पट्टीवर चोळायचं. मग दुसरं कोरडं फडकं घेऊन सगळं पुसून काढायचं. तवा जवळजवळ कोरडा दिसला पाहिजे. कुठे ओघळ किंवा थेंब दिसला तर तो पुन्हा पुसा, कारण त्याच जागी पुढे पपुद्रा सुटणार आहे. मग बर्नर मोठे करायचे, धूर येऊन पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं, थोडं निवू द्यायचं आणि पुढचा थर. धूर थांबायच्या आत दुसरं तेल ओतणं ही घाई बहुतेक जण करतात. तीन-चार थरांत काम होतं.

तेल सूर्यफुलाचं, सोयाबीनचं, कॅनोलाचं, कोणतंही रिफाइंड चालेल. जवसाच्या तेलाचं कौतुक तुमच्या वाचनात येईल. त्याचा थर कडक होतो खरा, पण माझ्या अनुभवात तोच सगळ्यात आधी सोलून निघतो, त्यामुळे मी ते सोडून दिलं. खोबरेल आणि लोणी यांत संपृक्त चरबी जास्त असते, ती अशी गुंफली जात नाही, म्हणून थरासाठी त्यांचा उपयोग नाही.

तुमच्या तव्यावर आत्ता जे बसलंय त्याचं काय? आधी अर्धा तास मोठ्या आचेवर तापवून बघा. चिकटपणा थोडा असेल तर तेवढ्यानेच जळून कडक होईल. तरी चिकट राहिलं तर तवा कोमट असताना खरवडणीने काढा, घासणी आणि साबणाने धुवा, बर्नर लावून लगेच कोरडा करा आणि नव्याने थर द्या. नव्या तव्याला गंज चढू नये म्हणून कारखान्यात संरक्षक तेल लावलेलं असतं. ते धुवायचं तुमच्याकडून राहिलं असेल, तर वरचा कोणताच थर नीट धरणार नाही.

मधे काळा आणि कडांना तपकिरी दिसतोय, याची काळजी करू नका. पोलाद उष्णता ॲल्युमिनियमच्या साधारण एक पंचमांशच वाहून नेतं, म्हणून बर्नरच्या वरचा भाग रापतो आणि कडा मागे राहतात. त्या पुढे रांधता रांधता काळ्या होतील. रंगासाठी आणखी तेल जाळत बसलात की पुन्हा किटणच जमेल. मंदगतीचं हे वहन स्वयंपाकाच्या वेळीही लक्षात ठेवा. तवा मध्यम आचेवर दहा-पंधरा मिनिटं तापू द्या. गार तव्याखाली एकदम सगळे बर्नर मोठे केले तर मधला भाग आधी फुगतो आणि पत्रा वाकू शकतो. तुम्ही इन्फ्रारेड थर्मामीटर (न टेकवता लांबूनच तापमान मोजणारा) वापरताय, पण कोऱ्या चकचकीत पोलादावर तो खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो. काळ्या झालेल्या भागावर धरा. तोवर पाण्याचा थेंब टाकून बघा: जागेवर चुरचुरून आटला तर तवा तापलाय, आणि गोळी होऊन पळायला लागला तर साधारण २०० अंशांपर्यंत किंवा त्याच्याही वर गेलाय. अंड्यांसाठी ते फार झालं. दीडशेच्या आसपास, आच कमी करून, थोड्या तेलावर फोडा.

पण तुम्ही पहिल्याच दिवशी अंडी घेतलीत, तिथेच गडबड झाली. अगदी चांगल्या रीतीने मुरवलेला तवाही पहिल्या दिवशी अंड्यांना तयार नसतो. पहिले तीन-चार वेळा भरपूर कांदा परता, बटाट्याच्या चकत्या करा, चरबी असलेलं मांस भाजा. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर महिनाभर लांब ठेवा, आंबट पदार्थ कोवळा थर खातात. मांस चिकटलं असं वाटलं तर ओढू नका. खालची बाजू खरपूस झाली की ते बहुधा आपणहून सुटतं. आणि तवा काठोकाठ भरू नका. पदार्थांना सुटलेलं पाणी उडून जायला जागा मिळाली नाही तर सगळं आपल्याच पाण्यात शिजतं आणि खरपूसपणा येतच नाही.

साबणाबद्दल विचारलंय. लावा, काही होत नाही. साबण नको हा सल्ला जुन्या कॉस्टिकवाल्या साबणांच्या काळातला आहे; आजचा भांडी घासायचा सौम्य द्रव गुंफलेल्या थराला धक्का लावत नाही. मला मात्र तो क्वचितच लागतो. बर्नर बंद केल्यावर, तवा गरम असताना, खरवडणीने सगळं पुढे ओढून घ्यायचं, चमचा-दोन चमचे पाणी शिंपडून सुटलेलं किटण पुसायचं, आणि शेवटी तेलाचं बोट फिरवावं इतकंच तेल. धूर येणाऱ्या तव्यावर तांब्याभर गार पाणी कधीच ओतू नका. पत्रा वाकतो आणि वाफेने हात भाजतो. तारेचा ब्रश वापरत असाल तर टाकून द्या. त्याची तुटलेली तार जेवणातून घशात किंवा पोटात जाऊन लोकांवर शस्त्रक्रियेची वेळ आली आहे. तेलाचा ट्रे प्रत्येक वेळी रिकामा करा. तो पेटलाच तर पाणी मारू नका, गॅस बंद करा.

गंज बहुतेक कव्हरमुळेच आलाय. तवा पुरता निवायच्या आत झाकलात तर आत ओल धरते, आणि मिठाचे कण राहिले असतील तर ते ती ओढून घेतात. गंजलेल्या जागा स्टीलच्या घासणीने कोऱ्या पोलादापर्यंत घासा, पुसा, तापवून कोरड्या करा आणि तेवढ्याच भागावर दोन पातळ थर द्या. सगळा तवा उपसायची गरज नाही. यापुढे पूर्ण गार झाल्यावरच झाका, आणि बरेच दिवस वापर नसेल तर दोन आठवड्यांनी एकदा कव्हर काढून बघा.

तेल पुसलेली फडकी चुरगाळून ढिगात टाकू नका. तेलाला हवा लागली की ते तिथेही गरम होत राहतं आणि ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. पाण्यात भिजवून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून मगच फेका.